लाकडी गॉगल नळाखाली धरू नका, मी धरलाय

ताईने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला लाकडी फ्रेमचा गॉगल दिला तेव्हा मला वाटलं हे शोपीस आहे, चार दिवस मिरवायचं आणि कपाटात टाकायचं. पण एकदा डोळ्यावर चढवला आणि नंतर उतरवावासाच वाटेना. अक्रोडाचं लाकूड, गडद चॉकलेटी, त्यात बारीक काळसर रेषा, आणि वजनाला इतका हलका की डोक्यावर असतानाच मी तो दोनदा घरभर शोधलाय.

आज त्याच गॉगलची अवस्था सांगते. नाकाजवळची आणि खालची कड खरखरीत झालीये, डाव्या काडीला एक चीर आहे जी मी चिकटवलीये, आणि उजव्या काचेवर एक पांढुरका डाग आहे तो आता जन्मात जाणार नाही. (काच म्हणजे प्लास्टिकचीच, पण आपण काचच म्हणतो.) आणि गंमत अशी की यातलं बरंचसं गॉगल वापरून झालेलं नाहीच. तो पडला नाही, आपटला नाही, त्याच्यावर कोणी बसलंही नाही. एक गाडीचा प्रकार सोडला तर सगळं मी त्याची काळजी घेताना केलंय, अगदी प्रेमाने.

सुरुवात नळापासून झाली. मला नंबरचा चष्मा लागतो आणि तो मी रोज सकाळी बेसिनमध्ये नळाखाली धरते, हँडवॉशचा एक थेंब बोटांवर घेऊन काचा चोळते, धुते, पुसते. ही सवय चांगलीच आहे हं, त्यात चूक काही नाही. काचेवर जी धूळ बसते तिच्यात वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि ते चष्म्याच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे कोरड्या कपड्याने घासलं की आपण त्याच कणांनी काच खरवडत असतो. आधी पाण्याने कण वाहून जाऊ द्यायचे, मग पुसायचं. तर हाच नियम मी डोकं न वापरता लाकडी गॉगलला लावला. रोज नळाखाली, रोज साबण, आणि वर ओलाच डबीत टाकून डबी बंद, कारण ऑफिसला उशीर.

साधारण दीड महिन्याने बोट फिरवताना जाणवलं की कड मऊ राहिली नाहीये, कुसळासारखं काहीतरी लागतंय. आधी वाटलं धूळ चिकटलीये म्हणून अजून जोरात धुतला.

लाकूड पाणी पितं हे आपल्याला माहीत असतंच, पावसाळ्यात दार फुगून चौकटीला घासायला लागतं ते काय वेगळं आहे. पण ते सगळीकडून सारखं पीत नाही हे मला नव्हतं माहीत. झाडात पाणी खोडातून वर जातं ते ज्या बारीक नळ्यांमधून, त्याच नळ्या कापलेल्या लाकडातही असतात, म्हणजे लाकूड म्हणजे स्ट्रॉची जुडी समजा. जुडीच्या बाजूला पाणी लागलं तर हळूहळू मुरतं, पण जिथे स्ट्रॉची तोंडं उघडी आहेत तिथून सटासट आत जातं. आता गॉगलच्या फ्रेमचा विचार करा, तिच्यात काचेसाठी दोन मोठी भोकं पाडलेली असतात, म्हणजे भोकाच्या डाव्या-उजव्या कडेला, नाकाशी आणि कानाकडच्या बाजूला, ही तोंडं उघडी पडलेली. शिवाय काच ज्या खाचेत बसते ती खाच इतकी अरुंद की पाणी एकदा शिरलं की तिथेच धरून राहतं, पुसून निघत नाही. आपण वरून पुसतो, चकचकीत दिसतं, आणि आत खाच ओलीच.

पाणी शिरलं की लाकूड फुगतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीत जवळजवळ काहीच नाही. वाळलं की आकसतं. रोज फुगा, रोज आकसा. यात वरचे बारीक तंतू उभे राहतात आणि ते परत बसत नाहीत, तेच मला कुसळासारखे लागत होते. सुतारांना हे पक्कं माहीत असतं, ते फिनिश लावायच्या आधी मुद्दाम लाकूड ओलं करून हे तंतू उभे करतात आणि मग पॉलिश पेपरने उडवतात. मी तेच करत होते, फक्त पॉलिश पेपरचा भाग सोडून.

म्हणजे अडचण अशी आहे की एकाच वस्तूत काचेला पाणी हवंय आणि फ्रेमला नकोय. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुचतं.

आता मी काय करते ते सांगते, रोज नाही, आठवड्यातून दोनदा फार तर. आधी फुंकर, पण तोंडाने नाही कारण थुंकी उडतेच कितीही सांभाळलं तरी. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा असतो ना, तो दाबून काचेवरची आणि खाचेतली धूळ उडवते. मग एक मऊ ब्रश, मी रंगकामाचा न वापरलेला ब्रश ठेवलाय, तो काचेच्या कडेकडेने, बिजागरीत आणि नाकाच्या आतल्या बाजूला फिरवते. इथपर्यंत काहीच घासायचं नाही, फक्त झाडायचं. मग मायक्रोफायबरच्या कापडाचा एक कोपरा ओला करून, पिळून, आणि पुन्हा पिळून, इतका की हाताला गार लागेल पण थेंब येणार नाही, तो तर्जनीवर गुंडाळते आणि काचेच्या मध्यापासून सुरू करून कडेच्या थोडं अलीकडे थांबते. हे अलीकडे थांबणं महत्त्वाचं आहे. कडेची जी बारीक पट्टी राहते ती कोरड्या कोपऱ्याने. काच तेलकट झाली असेल तर त्याच ओल्या कोपऱ्याला भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा थेंब, आणि नंतर दुसऱ्या ओल्या कोपऱ्याने साबण काढून टाकायचा. स्प्रे वापरत असाल तर स्प्रे कापडावर मारा, गॉगलवर नाही, गॉगलवर मारला की तो ओघळून सरळ खाचेत जातो.

खिडकीच्या काचा पुसायचं लिक्विड मात्र नको. त्यात बरेचदा अमोनिया असतो आणि काचेवरच्या कोटिंगची त्याने वाट लागते. व्हिनेगर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबातच नको, त्यातल्या अॅसिटोनने पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची काच पांढरी पडते आणि लाकडावरचं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, सुटतं, एका बोळ्यात दोन्हीकडचं नुकसान. टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणून फिरणारे व्हिडिओ बघून कोणी काही करू नका प्लीज, टूथपेस्टमध्ये घासायचीच पावडर असते, एक ओरखडा घालवायला हजार बारीक ओरखडे पाडाल.

पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारी, काच असेल तर पाण्याची भीती अजून एका कारणाने. त्या काचेत मधोमध एक पातळ फिल्म असते, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या प्लास्टिकची, ताणून आयोडीनमध्ये बुडवलेली, एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९३८ मध्ये ही काढली आणि आजही गॉगलमध्ये साधारण तीच पद्धत चालते. हे प्लास्टिक पाण्यात विरघळणारं आहे! म्हणून तर ते दोन थरांच्या मध्ये बंद करून ठेवतात. पण कड उघडी असते, आणि खाचेत पाणी साठून राहिलं की हळूहळू कडेकडून थर सुटायला लागतात, काचेच्या काठावर पाण्याच्या डागासारखी किंवा बुडबुड्यासारखी नक्षी दिसते आणि ती पुसून जात नाही.

फ्रेम पुसायची ती वेगळी, आणि खरं तर फ्रेमला पावसापेक्षा घामाचा जास्त त्रास. पाऊस कधीतरी, घाम रोज. नाकावर बसतो तो भाग आणि कानामागचा भाग, तिथे घामाचं मीठ, त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन यांचा एक थर जमतो, नखाने खरवडला तर निघतो इतका (शी, पण खरंय). उन्हातून आलं की लगेच कोरड्या कापडाने या दोन जागा पुसून टाकायच्या, बास, दहा सेकंदांचं काम. थर जमलाच असेल तर पिळलेला ओलसर कोपरा, लगेच कोरडा, आणि मग काड्या उघड्या ठेवून सावलीत अर्धा तास मोकळ्यावर. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही. वरचा भाग झटकन वाळतो आणि आतला ओलाच राहतो, या ओढाताणीतच लाकडाला चिरा जातात. भिजलाच समजा कधी, पावसात किंवा समुद्रावर, तर घाबरायचं काही नाही, एकदा भिजून लाकडाला काही होत नाही, भिजलेलं राहून होतं. समुद्राचं पाणी असेल तर गोड्या पाण्याच्या ओलसर कापडाने मीठ पुसून घ्या, मग वाळवा. ओला गॉगल डबीत बंद करणं हे सगळ्यात वाईट, माझ्या डबीच्या आतल्या कापडावर बुरशीचे ठिपके आले होते.

तेलाची गोष्ट अजून लाजिरवाणी आहे.

कड खरखरीत झाल्यावर मी ठरवलं की लाकूड कोरडं पडलंय, त्याला तेल पाजायला हवं. हाताशी खोबरेल तेल होतं, चांगलं चमचाभर चोळलं. दिसायला काय सुंदर दिसला पहिले दोन दिवस! रंग खुलला, रेषा उठून आल्या, मी फोटो काढून ताईला पाठवला. तिसऱ्या दिवसापासून गॉगल नाकावरून घसरायला लागला, काचेवर कितीही पुसलं तरी तेलाचे ओघळ, आणि फ्रेमवर रस्त्यावरची सगळी धूळ.

कारण तेलं दोन प्रकारची असतात हे मला कोण सांगणार. अळशीचं, अक्रोडाचं, टंग नावाच्या झाडाच्या बियांचं ही वाळणारी तेलं, हवेतला ऑक्सिजन घेऊन ती लाकडाच्या आत घट्ट होतात, एक प्रकारचा पापुद्रा तयार होतो. खोबरेल, ऑलिव्ह ही तसली नाहीत, ती वर्षभर ठेवली तरी तेलच राहतात, वाळून घट्ट होत नाहीत, आणि पुढे खवट वास मारायला लागतात तो बोनस. नाकाखाली खवट वास घेऊन फिरायचं असेल तर जरूर लावा.

पण त्याच्याही आधी हे बघायला हवं होतं की आपल्या फ्रेमला तेल चालतं की नाही. यासाठी काडीच्या कानामागच्या टोकाला आतल्या बाजूने पाण्याचा एक बारीक थेंब ठेवायचा आणि मिनिटभर बघायचं. थेंब मोत्यासारखा टुमटुमीत राहिला तर बहुधा वर लॅकर किंवा पॉलियुरेथेनचं कोटिंग आहे, तिथे तेल मुरणारच नाही, नुसतं वर चिकटून राहील, अशा फ्रेमला ओलसर कापड आणि कोरडं कापड यापलीकडे काही लागत नाही. थेंब पसरला आणि खालचं लाकूड गडद झालं तर फ्रेम तेल-मेणाच्या फिनिशची आहे किंवा कोटिंग झिजलंय, तिला अधूनमधून मेण लागेल. माझी दुसऱ्या प्रकारची निघाली. थेंब लगेच पुसून टाका हे सांगायला नको.

मी आता मधमाशीचं मेण आणि मिनरल ऑइल यांचं मिश्रण वापरते, लाकडी चॉपिंग बोर्डला लावायला म्हणून मिळतं तेच. मिनरल ऑइलही वाळत नाही हे खरं, पण ते खवट होत नाही आणि मेणामुळे जागेवर धरून राहतं. प्रमाण किती, तर मुगाच्या दाण्याएवढं, आणि ते पूर्ण गॉगलला पुरतं. मला पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. बोटावर घेऊन दोन बोटांत चोळून मऊ करायचं, मग रेषांच्या दिशेने फ्रेमवर, काचेपासून लांब, पंधरा-वीस मिनिटं ठेवून कोरड्या सुती कापडाने निपटून काढायचं, हाताला काहीच लागणार नाही इतकं. हाताला लागतंय म्हणजे जास्त झालं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

अळशीचं तेल लावायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बॉइल्ड तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात, नाकाच्या कातडीला दिवसभर लागणाऱ्या वस्तूला ते नको. आणि कुठलंही अळशीचं तेल पुसलेलं कापड चुरगळून कचऱ्यात टाकू नका, वाळताना ते गरम होतं आणि चुरगळलेल्या बोळ्यात उष्णता अडकून आपोआप पेट घेऊ शकतं, हे खरंच होतं, आग लागते. कापड पसरून मोकळ्यावर वाळवा.

खरखरीत कडेचं म्हणाल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा बोटभर तुकडा घेऊन रेषांच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवला, काचेवर आधी कागदी टेप लावून, मग मेण. ऐंशी टक्के सुधारली. उरलेलं आता ओळखीचं झालंय.

चीर गाडीत गेली. डॅशबोर्डवर गॉगल ठेवला आणि दोन तास विसरले. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज जातो, आणि मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे मी प्रेमाने लावलेलं मेण तिथे परत पातळ झालं असणार, हातात घेतला तेव्हा चिकट लागलाच. त्याहून वाईट म्हणजे लाकडातला ओलावा झपाट्याने उडाला. बऱ्याचशा लाकडी फ्रेम या एका तुकड्याच्या नसतात, व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेल्या असतात, कारण एकाच तुकड्यात इतकी बारीक गोल कड कोरली तर ती रेषेवरून काडकन तुटेल. पण थर आले की डिंक आला, आणि डिंकाला इतकी उष्णता मानवत नाही. डाव्या काडीचे दोन थर टोकापासून बोटाच्या पेराएवढे सुटले.

गरम करण्यावरून आठवलं. काड्या कानामागे जरा सैल होत्या म्हणून एका चष्मेवाल्याकडे गेले तर तो नेहमीसारखा गरम करून वाकवायला निघाला होता. साध्या प्लास्टिक फ्रेमला ते बरोबर आहे, ती गरम केली की मऊ होते. लाकूड असं वाकत नाही, मोडतं. मी ओरडलेच. लाकडी गॉगलचं फिटिंग घेतानाच बघून घ्यायचं, नंतर फारसं काही करता येत नाही, स्प्रिंगची बिजागरी असेल तर तेवढीच सोय. काही फ्रेममध्ये काडीच्या टोकाला प्लास्टिक असतं किंवा आत धातूची तार असते, त्यांची गोष्ट वेगळी. एका हाताने ओढून काढायची सवय मात्र सगळ्यांनीच सोडा, रोज एकाच काडीवर ताण येतो आणि बिजागरीचे स्क्रू लाकडातून सैल होतात. स्क्रू साधे लोखंडी असतील तर त्यांच्याभोवती काळं कडं येतं, घाण समजून मी एका जुन्या फ्रेमवर ते खूप घासलं होतं, पण ती घाण नसते, लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओलावा मिळून झालेली शाई असते. अक्षरशः शाई, पूर्वी लिहायची शाई याच जोडीतून करायचे.

तर सुटलेले थर. इथे मी सुपरग्लू लावला. कपड्याच्या चिमट्याने दाबून धरला, दहा मिनिटांत घट्ट बसला, आणि मी खूश होऊन गॉगल डबीत ठेवून झाकण लावून झोपले. सकाळी डबी उघडली तर उजव्या काचेवर पांढुरका थर.

सुपरग्लूची वाफ होते आणि ती बंद जागेत आसपासच्या गोष्टींवर जाऊन बसते, बसते तिथे घट्ट होते. सगळ्यात आधी कशावर बसते माहितीये? बोटांच्या ठशांवर. गुन्ह्याच्या तपासात वस्तूवरचे न दिसणारे ठसे उठवायला बंद पेटीत हीच वाफ सोडतात. माझ्या डबीत मी नेमका तोच प्रयोग केला होता. आदल्या रात्री चिमटा लावताना मी काच अंगठ्याने धरली होती, आणि सकाळी तो अंगठा, एकेक रेषा मोजता येईल असा, काचेवर पांढऱ्या रंगात छापलेला. सुपरग्लू अॅसिटोनने विरघळतो, पण अॅसिटोन काचेचं काय करतं ते वर लिहिलंच आहे. पाण्याला टिकणारा लाकडाचा साधा डिंक लावून रात्रभर चिमट्यात उघड्यावर ठेवला असता तर काम झालं असतं.

ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं मग काच बदलून घे ना." घेता येईल. पण काच काढायची म्हणजे फ्रेमवर जोर द्यायचा, आणि त्या कडेवर आता माझा विश्वास नाही, सो सध्या असाच वापरतेय. ऊन तिरकं पडलं की उजव्या डोळ्यासमोर माझाच अंगठा येतो.